खोक्यावरचे आकडे आणि गोव्यातले घर

चिरेबंदी, फोंडा

चवथीच्या तोंडावर दुकानांत सवलतींचे फलक लागले की आपल्याकडे एसी, इन्व्हर्टर, पाण्याचे फिल्टर अशी मोठी खरेदी ठरते, आणि ती ठरवताना आपण बहुतेक जण खोक्यावर छापलेल्या आकड्यांचीच तुलना करतो. हे आकडे खोटे असतात असे मला म्हणायचे नाही. ते कुठल्या तरी ठरावीक परिस्थितीत मोजलेले असतात आणि ती परिस्थिती गोव्यातल्या घरात वर्षातले कितीसे दिवस असते, हा माझा प्रश्न आहे.

एसीचेच घ्या. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारे २०१८ पासून ज्या आयएसईईआर या (वर्षभरात दिलेला थंडावा आणि त्यासाठी लागलेली वीज यांच्या) गुणोत्तरावर दिले जातात, ते काढताना बाहेरचे तापमान २४ ते ४३ अंश सेल्सियसच्या पट्ट्यात विभागतात आणि वर्षाकाठी १६०० तासांचा वापर धरतात. त्यामागच्या चाचणीत खोलीतल्या हवेचे तापमान २७ अंश, तर ओल्या तापमापकाचे १९ अंश असते. म्हणजे सापेक्ष आर्द्रता ४७ टक्क्यांच्या आसपास. दिल्ली-नागपूरच्या मे महिन्याचा विचार केला तर हे समजण्यासारखे आहे, पण आपल्याकडे पारा चाळिशीकडे क्वचितच जातो आणि आर्द्रता मात्र पावसाळ्यात ऐंशीच्या खाली सहसा उतरत नाही. आपल्याला छळते ती उष्णतेपेक्षा वाफ. इन्व्हर्टर एसी खोली थंड झाली की कॉम्प्रेसरचा वेग उतरवतो, त्यामुळे विजेची बचत होते आणि तारे वाढतात. पण वेग उतरला की आतली कॉइल पूर्वीइतकी थंड राहत नाही आणि हवेतली वाफ पाणी होऊन नळीवाटे बाहेर जाण्याचे प्रमाण कमी होते. परिणामी पडद्यावर २४ दिसत असतात आणि चादर मात्र ओलसर लागते. गरजेपेक्षा मोठा एसी घेतल्यास हे अधिकच होते, कारण तो खोली लवकर थंड करतो आणि वाफ काढायला पुरेसा वेळ चालतच नाही. विक्रेता ‘थोडा मोठाच घ्या, लोड येणार नाही’ असे सांगतो तेव्हा हे लक्षात ठेवावे.

इतर उपकरणांबाबत आपले काय अनुभव आहेत, ते सविस्तर लिहावेत. कोणती कंपनी चांगली, या चर्चेसाठी वेगळे धागे आहेत.

खारावारा, मोरजी

आपण खोलीच्या आतले सांगितलेत, मी बाहेरचे सांगतो. किनाऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर ज्यांचे घर आहे, त्यांच्यासाठी एसीचे आयुष्य बाहेरच्या युनिटच्या पत्र्यांवर अवलंबून असते. कॉइलची नळी तांब्याची आणि तिच्यावरचे पातळ पत्रे ॲल्युमिनियमचे. दोन धातू एकमेकांना चिकटलेले, वर खाऱ्या हवेचा ओलावा. मग ॲल्युमिनियम झिजते आणि हाताने चुरडावे तसे पत्र्यांचे पीठ होते. निळ्या किंवा सोनेरी लेपाचे पत्रे काही काळ तग धरतात, पण कडांवर ओरखडा गेला की तिथून सुरुवात होतेच. पत्रे गेले की उष्णता बाहेर फेकली जात नाही, कॉम्प्रेसर जास्त चालतो, आणि पाच तारे कागदावर राहतात.

म्हणून आमच्या भागात मी हिशेब असा करतो. दीड टनाच्या तीन तारे आणि पाच तारे यांच्या लेबलवरचा वार्षिक वापर पाहिला तर फरक साधारण दोनशे युनिटांचा दिसतो. युनिटमागे चार रुपये धरले तर वर्षाला आठशे रुपये वाचतात. किमतीतला फरक आठ हजारांचा असेल तर तो भरून यायला दहा वर्षे लागतील, आणि समुद्राकडे तोंड केलेले बाहेरचे युनिट दहा वर्षे धडपणे टिकलेले मी तरी पाहिलेले नाही. महाराष्ट्रात वीज महाग आहे, तिथले नातेवाईक पाच तारेच घ्यायला सांगतात आणि त्यांच्यापुरते ते बरोबरही आहे. घरात एसी रात्रंदिवस चालत असेल तर आपल्याकडेही हिशेब बदलेल. मी मात्र तो फरकाचा पैसा युनिट वाऱ्याच्या आडोशाला बसवण्यात, जाड लेपाच्या फ्रेमवर आणि दर काही आठवड्यांनी गोड्या पाण्याने पत्रे धुण्याच्या सोयीवर घालतो. पाणी पाइपने हलकेच सोडावे. गाडी धुण्याच्या दाबाच्या यंत्राने पत्रे वाकतात.

संपूर्ण ॲल्युमिनियमची कॉइल घ्यावी का, असे काही जण विचारतात. दोन धातूंचे भांडण तिच्यात कमी असते हे खरे आहे, पण ती फुटली तर म्हापशातला कारागीर ती जोडायला धजत नाही, सरळ बदला म्हणतो. तांब्याची नळी मात्र तो अंगणात बसून जोडून देतो.

डिचोलीकर

मला या चर्चेची बैठकच थोडी अन्यायकारक वाटते. तारे किंवा फोनसारख्या वस्तूंवरचे धूळ-पाणी रोखण्याचे आयपी मानांकन हे भविष्य सांगण्यासाठी नसतातच. दोन वस्तू एकाच मापाने मोजल्या जाव्यात, एवढाच त्यांचा हेतू असतो. प्रत्येक राज्याच्या हवामानासाठी वेगळे लेबल छापायचे ठरवले तर ग्राहकाचा गोंधळ वाढेल आणि उत्पादकाला पळवाटा मिळतील. ही लेबले नव्हती त्या काळात आपण दुकानदाराच्या शब्दावर फ्रीज घेत होतो आणि विजेचे बिल आल्यावर कपाळाला हात लावत होतो. तेव्हा आकड्यांवर टीका करताना, ते नसते तर काय असते, याचाही विचार व्हावा.

चिरेबंदी, फोंडा

आपला मुद्दा तुलनेपुरता योग्य आहे. मात्र तुलना तेव्हाच उपयोगी पडते, जेव्हा प्रयोगशाळेत पहिला आलेला माझ्या घरातही पहिला येतो. वाफ काढण्याच्या बाबतीत तसे होईलच असे नाही, कारण लेबलवर त्याचा आकडाच नाही. काही कंपन्यांच्या तांत्रिक पत्रकात तासाला किती लिटर ओलावा काढला जातो ते दिलेले असते. दुकानात ते कोणी दाखवत नाही, पण मागितले तर मिळू शकते. मी पुढचा एसी घेताना ताऱ्यांच्या आधी तो आकडा विचारणार आहे.

खांडेपारकाठ

आकडा बरोबर, पण गरजच चुकीची, याचे उत्तम उदाहरण म्हणजे पाण्याचे आरओ यंत्र. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, म्हणजे टीडीएस, पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे, असे भारतीय मानक १०५०० सांगते. फोंडा आणि तिसवाडीला ओपा प्रकल्पातून खांडेपार नदीचे पाणी येते, आणि आमच्या नळाखाली टीडीएस मीटर धरला तर तो शंभरीही गाठत नाही. एवढ्या मृदू पाण्यातून क्षार काढणारे यंत्र लावायचे, त्यासाठी आत आलेल्या पाण्यातला मोठा वाटा मोरीत सोडायचा, आणि मग क्षार उरले नाहीत म्हणून ते परत मिसळणारे ‘मिनरल’ काडतूस वेगळ्या किमतीला घ्यायचे, हा व्यवहार मला आजवर समजलेला नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला निर्देश दिले होते की, जिथे टीडीएस ५०० च्या खाली आहे तिथे आरओच्या वापरावर बंदी आणावी. तरीही दारावर येणारा विक्रेता प्रथम आरओच काढतो.

त्याचा एक ठरलेला प्रयोगही असतो. दोन पेल्यांत पाणी घेऊन त्यांत विजेच्या कांड्या बुडवतो. नळाच्या पाण्याचा पेला तांबूस गढूळ होतो, आरओच्या पाण्याचा स्वच्छ राहतो. तो गाळ पाण्यातला नसून कांडीच्या लोखंडातून सुटलेला असतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजते, क्षार नसले की वीज वाहत नाही. मीठ घातलेले उकळून गार केलेले पाणी त्याच्यापुढे ठेवले तर तेही गढूळ होईल. आमच्या वाड्यावरच्या एका काकींनी त्याला तसे करून दाखवायला सांगितले तेव्हा तो पिशवी आवरून निघाला.

आपल्याकडे पावसाळ्यात खरी अडचण असते ती गढूळपणाची आणि जंतूंची. त्यासाठी आधी गाळ अडवणारे काडतूस आणि मग यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा, किंवा वीज नसतानाही चालणारा यूएफ (अतिसूक्ष्म छिद्रांच्या) पडद्याचा फिल्टर पुरतो. यूव्ही घेणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की पाणी गढूळ असेल तर किरण जंतूंपर्यंत पोचत नाहीत, आणि दिवा जळत दिसला तरी काही हजार तासांनंतर त्याची मारक शक्ती उतरलेली असते. उकळण्याला अजूनही तोड नाही, फक्त गॅस लागतो.

याला अपवाद आहे. खाजन, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या, शेतीच्या कडेला किंवा खाडीजवळ ज्यांची विहीर आहे, त्यांचे पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होते, आणि तिथे आरओशिवाय इलाज नाही. मीटर काहीशे रुपयांत मिळतो. यंत्र घेण्याआधी तो घ्यावा आणि उन्हाळ्यात एकदा व पावसाळ्यात एकदा मोजून मगच ठरवावे.

साष्टीचा_पाऊस

फोनच्या आयपी६८ विषयी थोडक्यात. यातला पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. ६८ म्हणजे त्याहून कठीण, पण किती खोल आणि किती वेळ ते उत्पादक स्वतः जाहीर करतो. चाचणी नव्या फोनवर, स्थिर आणि गोड्या पाण्यात होते. आपण तो कोलव्याच्या लाटांत नेतो, किंवा जुलैमध्ये स्कूटरच्या हँडलला लावून मडगाव ते पणजी भिजवत नेतो. आतला डिंक वर्षागणिक सुकतो, फोन एकदा पडला की कडेला फट पडते, आणि पाणी गेल्याची खूण आतल्या चिकटपट्टीवर लाल उमटली की बहुतेक वॉरंटी तिथेच संपते. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना सेवा केंद्राने ‘जलरोधक म्हणजे जलाभेद्य नव्हे’ असे सुनावले. बोलणे कटू असले तरी त्यांच्या अटींच्या कागदावर तसेच लिहिलेले होते.

फोन भिजलाच तर चार्जर लावू नये, कारण ओल्या पिनांतून वीज गेली की त्या हिरव्या पडतात. समुद्राचे पाणी असेल तर आधी गोड्या पाण्याने पुसून घ्यावा. तांदळाच्या डब्यात घालू नये, असे ॲपलने २०२४ मध्ये आपल्या ग्राहकांना स्पष्ट सांगितले आहे. तांदळाचा भुसा फटीत जातो. पंख्याखाली उभा ठेवावा.

वाळपईहून

आमच्याकडे वादळी पाऊस झाला की झाड तारेवर पडते आणि वीज खात्याचे लोक रानातून वाट काढून येईपर्यंत रात्र होते. म्हणून इन्व्हर्टर ही आमच्या सत्तरी तालुक्यात चैन नाही. त्याच्यावरचे आकडे कसे वाचावेत ते सांगतो. ९०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) म्हणजे ९०० वॅट नव्हे. साधारण सातशेच्या आसपास वॅट मिळतात, आणि तेसुद्धा एका क्षणाला किती भार उचलेल एवढेच सांगतात. किती तास चालेल, ते बॅटरी ठरवते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. शिशाची बॅटरी तळापर्यंत रिकामी केली तर तिचे आयुष्य घटते, शिवाय इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो. म्हणून हातात अकराशे धरावेत. तीन साधे पंखे, चार दिवे आणि इंटरनेटचे राउटर मिळून २८० वॅटच्या आसपास जातात, म्हणजे चार तास. तेच पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या मोटरचे) केले तर सारा भार दीडशेवर येतो आणि तीच बॅटरी सात तास पुरते. नव्या बॅटरीपेक्षा पंखे बदलणे स्वस्त पडते, हे दुकानदार आपणहून सांगत नाही.

पण बीएलडीसी पंख्यातही एक किंमत मोजावी लागते. साधा पंखा मंदावला तर गावातला वायरमन कपॅसिटर बदलून देतो. या पंख्याच्या पोटात सर्किटची पट्टी असते. ऑक्टोबरच्या गडगडाटात ती गेली की पंखा उतरवून पाठवावा लागतो आणि परत कधी येईल ते सांगता येत नाही. मी म्हणून झोपायच्या खोल्यांत बीएलडीसी आणि बाल्कांवात (दारापुढच्या ओसरीत) जुना पंखा ठेवला आहे.

लिथियम घ्यावे का? लिथियम फेरोफॉस्फेटची बॅटरी हजारो वेळा भरता-रिकामी करता येते, वजनाने हलकी, पाणी घालायला नको, लवकर भरते. पहिली किंमत मात्र बरीच जास्त. ज्यांच्याकडे वीज रोज जाते त्यांना ती परवडेल. पावसाळ्यापुरतीच वीज जात असेल तर शिशाची ट्यूब्युलर पुरे, फक्त डिस्टिल्ड पाण्याची पातळी पाहायची आठवण हवी आणि ती जिथे ठेवाल तिथे हवा खेळती हवी. जुनी बॅटरी देऊन नवीनमध्ये सूटही मिळते.

पर्वरी_दुसरा_मजला

केवळ इंटरनेटसाठी इन्व्हर्टर घेऊ पाहणाऱ्यांना सूचना करतो. फायबरचा दुवा बहुतेक वेळा वीज गेल्यावरही चालू असतो, बंद पडते ती आपल्या घरातली पेटी. तिच्यासाठी १२ व्होल्टचा छोटा राउटर-यूपीएस दीड-दोन हजारांत मिळतो आणि काही तास निघतात. आपल्या पेटीला किती अँपिअर लागतात ते तिच्या अडॅप्टरवर पाहून घ्यावे.

डिचोलीकर

इन्व्हर्टरपेक्षा छतावर सौर पॅनेल का लावू नयेत? पीएम सूर्यघर योजनेत २०२४ पासून ३ किलोवॅट आणि त्यापुढच्या घरगुती संचाला ७८ हजार रुपयांचे अनुदान आहे. एकदा बसवले की वीज जाण्याची चिंताच नाही.

वाळपईहून

नेमकी इथेच गल्लत होते, म्हणून सविस्तर लिहितो. अनुदानातून बसणारा संच बहुधा वीज खात्याच्या जाळ्याला (ग्रिडला) जोडलेला असतो, आणि जाळ्यातली वीज गेली की तो भर दुपारीही स्वतःला बंद करतो. हा दोष नाही, ती मुद्दाम केलेली व्यवस्था आहे, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या छतावरून झटका बसेल. वीज नसताना घर चालवायचे असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, ज्याने खर्च पुष्कळ वाढतो. म्हणजे सौर संच हे बिल कमी करण्याचे साधन आहे आणि अंधार घालवण्याचे साधन वेगळे आहे. जून-जुलैत, जेव्हा आपल्याकडे वीज सर्वात जास्त जाते, तेव्हाच ढगांमुळे उत्पादनही सर्वात कमी असते.

दुसरी गोष्ट माडांची. एका रांगेत जोडलेल्या पॅनेलांपैकी एकावर झावळीची सावली पडली तर संपूर्ण रांगेचे उत्पादन खाली ओढले जाऊ शकते. पॅनेल किती किलोवॅटचे, ते विचारण्याआधी दुपारी छतावर जाऊन सावली कुठून कुठे सरकते ते पाहावे. मंगळुरी कौलांच्या छपरावर बसवणाऱ्यांनी वाशांची ताकदही तपासून घ्यावी. कौले चढता-उतरताना फुटतात आणि गळती पहिल्याच पावसात कळते.

बुरशीशत्रू, ताळगाव

मी छायाचित्रणाचा व्यवसाय करतो. कॅमेऱ्याच्या खोक्यावर कुठेही न लिहिलेला आकडा म्हणजे ६० टक्के. सापेक्ष आर्द्रता बराच काळ त्याच्या वर राहिली की भिंगाच्या आत बुरशीचे जाळे धरते, आणि ती काचेचा लेपच खाते, त्यामुळे साफ केली तरी डाग राहतो. आपल्या घरांत ते जून ते ऑक्टोबर अखंड असते. विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट ४० ते ५० टक्क्यांवर ठेवतात आणि त्यांना वीज अगदी थोडी लागते. ज्यांच्याकडे एकच कॅमेरा आहे त्यांनी रबराच्या कडेचा घट्ट डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक घ्यावा. सिलिका जेल नारंगी घ्यावे. निळ्यात कोबाल्टचा क्षार असतो आणि तो घातक आहे. रंग बदलला की ओव्हनमध्ये तापवून परत वापरता येते. कॅमेरा चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवणे म्हणजे बुरशीला पाहुणचार.

या धाग्याच्या विषयाला धरून एक गंमत सांगतो. घरगुती डिह्युमिडिफायरवर ‘दिवसाला १२ लिटर’ असे लिहिलेले असते, आणि त्यांतल्या पुष्कळांची ती क्षमता ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेवर मोजलेली असते. म्हणजे युरोपातल्या ग्राहकाला जो आकडा फसवा वाटतो, तो आपल्या जुलैमध्ये चक्क खरा ठरतो. मात्र हे यंत्र खोली गरम करते, दारे-खिडक्या बंद ठेवाव्या लागतात, आणि टाकी भरली की थांबते. नळी मोरीत सोडता येईल अशी सोय असलेले घ्यावे. कपड्यांच्या खोलीत दोरी बांधून ते चालवले तर पावसाळ्यातले कपडे एका रात्रीत वाळतात. सुकवणारे महागडे वॉशिंग मशीन घेण्यापेक्षा मला हे बरे वाटते.

पेडण्याची_लेक

सर्वांचे प्रतिसाद उपयोगी आहेत. माझे आईबाबा गावी दोघेच असतात आणि त्यांच्याकडे नवा इन्व्हर्टर एसी बसवला आहे. त्यावर ‘स्टॅबिलायझरची गरज नाही, १४५ ते २८० व्होल्ट’ असे छापले आहे. तरीही वायरमन स्टॅबिलायझर घ्यायला सांगतो. घ्यावा का?

वाळपईहून

ताई, आधी मल्टिमीटरने संध्याकाळी सातच्या सुमारास आणि मध्यरात्री व्होल्टेज मोजून घ्या. आपला पुरवठा २३० व्होल्टचा असतो. लाइनीच्या शेवटच्या घरांना संध्याकाळी तो बराच उतरतो, पण १४५ च्या खाली जात नसेल तर स्टॅबिलायझरने विशेष काही मिळणार नाही. वीज कडाडल्यावर तारेतून येणारा झटका मात्र इतक्या कमी वेळाचा आणि इतक्या मोठ्या दाबाचा असतो की साधा स्टॅबिलायझर त्याला अडवू शकत नाही. त्यासाठी मुख्य फलकावर सर्ज प्रोटेक्शनचे उपकरण बसवतात, आणि ते अर्थिंग चांगले असेल तरच काम करते. आपली चिऱ्यांची, म्हणजे जांभ्या दगडाची, जमीन विजेला सहज वाट देत नाही, उन्हाळ्यात कोरडी झाली की आणखीच अडते. तेव्हा वायरमनला स्टॅबिलायझरऐवजी अर्थिंगचा रोध मोजायला सांगा आणि खड्डा जुना असेल तर नवा करून घ्या. आईबाबांना एवढेच सांगून ठेवा की गडगडाट जवळ आला की एसीचा फलकावरचा स्विच पाडावा आणि राउटरची पिन काढावी. टीव्हीला डिशची तार येत असेल तर तीसुद्धा काढावी. पुष्कळ टीव्ही त्या वाटेने गेलेले मी पाहिले आहेत.

पेडण्याची_लेक

डिशची तार माझ्या ध्यानातच आली नव्हती. अर्थिंग मोजून घेते आणि आकडा इथे लिहिते.